‘बोलेल हळूहळू’ म्हणण्यापूर्वी

मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरकडे लहान मुलांना कोण घेऊन येते, हे मोजायचे झाले, तर दिवाळीनंतरच्या महिन्यांत आई-वडिलांपेक्षा आजी-आजोबांचीच संख्या अधिक भरेल. सोयाबीन निघाले, की आमच्या तालुक्यातील अनेक तांड्यांवरची आणि खेड्यांतली तरुण जोडपी ऊसतोडणीला, नाहीतर मुंबई-पुण्याकडे बांधकामावर जातात. ती परततात उन्हाळ्याच्या तोंडाशी. तोवर मुलांचे खाणेपिणे, आजारपण, अंगणवाडी आणि शाळा हे सारे आजी-आजोबांच्या गळ्यात असते. शहरातही आई-वडील दोघे नोकरीला जात असतील, तर चित्र फारसे निराळे नाही. म्हणूनच मुलांच्या विशेष शैक्षणिक गरजांविषयीचा हा लेख मी मुद्दाम तुम्हा ज्येष्ठांना उद्देशून लिहीत आहे.

प्रारंभी माझी एक चूक सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. मी नुकताच व्यवसायात स्थिरावत होतो. पोहरादेवीच्या वाटेवरील एका तांड्यावरून एक आजी दोन वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. ताप नव्हता, खोकला नव्हता. त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, हा पोरगा मले पायते तं हासते, पण पाठीमागून हाक देली तं वळून पाहत नाही. बोलतही नाही.” मी मुलाची छाती तपासली, वजन पाहिले, त्याच्यासमोर टाळी वाजवली. त्याने माझ्याकडे पाहिले. मी निर्धास्तपणे सांगितले, “आजी, काही मुले उशिरा बोलतात. बोलेल हळूहळू.”

आजींनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्या पुन्हा आल्या, तेव्हा मूल सव्वाचार वर्षांचे झाले होते आणि एकही शब्द बोलत नव्हते. मोठ्या रुग्णालयात तपासणी झाली. दोन्ही कानांना जन्मापासूनच जवळजवळ ऐकू येत नव्हते. मी समोर टाळी वाजवली होती, तेव्हा त्याने माझे हलणारे हात पाहिले होते. आवाज त्याच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. आजींनी मात्र बरोबर ओळखले होते. ‘पाठीमागून हाक दिली तर’ हे त्यांचे शब्द म्हणजे अचूक निरीक्षण होते. मी ते नीट ऐकून घेतले नाही, आणि त्या मुलाची सव्वादोन मोलाची वर्षे गेली.

पुढे तो मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिकला, हातांच्या भाषेत बोलू लागला. आज तो शिवणकाम करून संसार चालवतो. पण त्या दिवशी आजींनी विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो : “तवाच सांगतलं असतं तं?” त्यानंतर मी एक नियम पाळत आलो आहे. घरातील वडीलधारे माणूस ‘याचे काहीतरी वेगळे आहे’ असे म्हणाले, तर तपासणी होईपर्यंत ते खरे मानायचे.

वाट पाहण्यात काय जाते?

मेंदूची वाढ आयुष्यभर थोडीफार होत असली, तरी तिचा मोठा वेग पहिल्या काही वर्षांतच असतो. भाषा शिकण्याची जी तयारी मेंदूत असते, तिला त्या काळात आवाज, शब्द, चेहरे आणि स्पर्श यांचे खाद्य मिळावे लागते. ऐकूच येत नसेल, तर मेंदूचा तो भाग वापराविना राहतो आणि पुढे कानाला यंत्र लावले तरी शब्दांचा अर्थ लागणे कठीण जाते. म्हणून श्रवणतज्ज्ञ १-३-६ असा क्रम सांगतात : पहिल्या महिन्याच्या आत श्रवणाची प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान आणि सहाव्या महिन्याच्या आत उपचाराला सुरुवात.

दृष्टीचेही असेच आहे. तिरळेपणाला ‘भाग्याचे लक्षण’ समजून सोडून दिले, तर त्या डोळ्याची नजर मंद पडते. सात-आठ वर्षांनंतर ती पूर्ववत करणे अवघड होते. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा मेंदूचा पक्षाघात या अवस्था औषधाने नाहीशा होत नाहीत. तरीही वेळेवर प्रशिक्षण मिळालेले मूल स्वतःच्या हाताने जेवू लागते, आपली गरज सांगू लागते, शाळेत बसू लागते. उशीर झाला म्हणजे सर्व दारे बंद झाली असे नव्हे, पण तेच शिकवायला कितीतरी अधिक कष्ट पडतात.

कोणत्या वयात काय पाहावे?

प्रत्येक मूल थोडे पुढेमागे असते. त्यामुळे एखाद्या गोष्टीला पंधरा दिवस उशीर झाला म्हणून घाबरू नये. पुढील मर्यादा ओलांडल्या, तर मात्र थांबू नये. मूल दिवस भरण्यापूर्वी जन्मले असेल, तर दोन वर्षांपर्यंत त्याचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.

• तीन महिने : आपल्याकडे पाहून हसत नाही, तोंडाजवळून हळूच फिरवलेल्या वस्तूवर नजर फिरवत नाही.
• पाच महिने : मान धरत नाही, हातपाय फार ताठ किंवा फार सैल वाटतात.
• नऊ-दहा महिने : आधाराशिवाय बसत नाही, ‘बाबाबा, दादादा’ असे आवाज काढत नाही.
• एक वर्ष : नावाने हाक मारल्यावर वळत नाही, ‘टाटा’, ‘ये’ अशा खुणा करत नाही.
• दीड वर्ष : चालत नाही, एकही अर्थपूर्ण शब्द नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही.
• दोन वर्षे : ‘पाणी दे’, ‘आजी ये’ असे दोन शब्द जोडत नाही, साधी सूचना समजत नाही.
• तीन ते पाच वर्षे : घराबाहेरच्या माणसाला त्याचे बोलणे कळत नाही, इतर मुलांत मिसळत नाही, एकच हालचाल किंवा एकच खेळ तासन्‌तास करते, ठरलेला क्रम बदलला तर अनावर होते.

याखेरीज एक लक्षण कोणत्याही वयात गंभीर मानावे. मूल पूर्वी बोलत होते, हसत होते, खेळत होते आणि आता ते थांबले आहे, असे दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

ही लक्षणे पाठ करण्याची आवश्यकता नाही. लसीकरणाच्या वेळी मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड घरात असेलच. त्यात लसींच्या तक्त्याबरोबर मुलाच्या विकासाचे टप्पेही चित्रांसह दिलेले असतात. आपण ते पान बहुधा उलटून पाहत नाही.

काही मुलांकडे आरंभापासूनच अधिक लक्ष द्यावे : जन्मतः वजन फार कमी होते, जन्मल्यावर लगेच रडले नाही, काचेच्या पेटीत ठेवावे लागले, तीव्र कावीळ झाली, मेंदूज्वर झाला, किंवा घराण्यात कोणाला लहानपणापासून बहिरेपण आहे. आई-वडील रक्ताच्या नात्यातील असतील, तर तेही डॉक्टरांना अवश्य सांगावे.

ऐकण्याविषयी एक सूचना. ताट आपटून किंवा समोर टाळी वाजवून घरी निष्कर्ष काढू नका; माझी फसगत अशीच झाली होती. मुलाला जमिनीची कंपने जाणवतात, हात दिसतात. ‘ओएई’ आणि ‘बेरा’ या तपासण्या मुलाला न दुखवता, झोपेतही करता येतात. त्यांच्यावाचून ‘ऐकू येते’ असे ठामपणे म्हणता येत नाही.

घरची बोली आणि शाळेची भाषा

आमच्या तालुक्यात एक निराळीच अडचण येते. बंजारा कुटुंबांत घरी गोरबोली बोलतात. मूल अंगणवाडीत किंवा पहिलीत येते, तेव्हा समोरची प्रमाण मराठी त्याला जवळजवळ परकी असते. ते गप्प बसते, सूचना पाळत नाही आणि कोणीतरी ‘मंद आहे’ असे म्हणून जाते. याउलट कधी खरीच अडचण असलेल्या मुलाबद्दल ‘भाषा येत नाही म्हणून गप्प आहे’ अशी समजूत करून घेतली जाते.

यातला फरक तुम्हीच सांगू शकता. मूल घरी, आपल्या बोलीत कसे वागते? आजीने सांगितलेली गोष्ट ऐकते का, मध्येच प्रश्न विचारते का, भावंडांशी भांडताना सलग बोलते का? तसे असेल, तर त्याची भाषाशक्ती शाबूत आहे आणि त्याला हवा आहे तो केवळ वेळ आणि समजूतदार शिक्षक. घरच्या बोलीतही ते मागेच असेल, तर तपासणी करावी. यासाठी घरातली बोली सोडून देण्याचे मात्र काहीही कारण नाही. वऱ्हाडी असो, गोरबोली असो, जी भाषा तुमच्या तोंडी सहज येते, तिच्यातच मुलाशी भरपूर बोला.

शाळेत गेल्यावर दिसणाऱ्या अडचणी

काही अडचणी अक्षरओळख सुरू झाल्यावरच उघड होतात. मूल तोंडी हुशार असते, हिशेब मनात करते, पण वाचताना अडखळते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांत घोटाळा करते. काना, मात्रा, वेलांटी गाळते. फळ्यावरचे उतरवायला त्याला दुप्पट वेळ लागतो. सहा-सात वर्षांपर्यंत अशा चुका पुष्कळ मुले करतात. त्यानंतरही त्या तशाच राहिल्या, तर अध्ययन अक्षमतेचा विचार करावा लागतो. तिचे रीतसर निदान साधारणपणे आठ वर्षांच्या सुमारास, म्हणजे तिसरीच्या आसपास केले जाते. मदत मात्र त्याआधीपासून देता येते.

२००७ साली आलेला ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी नातवंडांसह पाहिला असेल. त्यातील मुलाला आळशी ठरवून वसतिगृहात धाडले जाते. आपल्या घरात छडी किंवा ‘ढ’ हा शब्द तेच काम करतो. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना शासनाने सवलती मान्य केल्या आहेत. वाढीव वेळ, लेखनिक यांसारख्या या सवलतींसाठी ठरावीक शासकीय रुग्णालयांचे प्रमाणपत्र लागते.

अर्थात, दरवेळी मोठ्याच कारणाकडे धाव घेऊ नये. फळ्यावरचे न दिसणारे मूल, सर्दीने कानात पाणी साचलेले मूल, रक्त कमी असल्याने पेंगणारे मूल आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणारे मूल हीसुद्धा अभ्यासात मागेच दिसतात. म्हणून पहिली पायरी नेहमी हीच : डोळे, कान आणि रक्त यांची तपासणी.

कोठे जावे?

२०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातील पालघर येथून ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात विनामूल्य होते. जन्मजात व्यंग, पोषणातील कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब अशा चार बाजूंनी मुलाला पाहिले जाते. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावे, अशी योजना आहे. पथक येण्याचा दिवस अंगणवाडीताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शक्य झाल्यास स्वतः जा. पथकातील डॉक्टर मुलाला काही मिनिटे पाहतात. तुम्ही दिवसभर पाहता. तुमची शंका त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. दोन-चार दिवस कागदावर लिहून ठेवलेत, किंवा नातीकडून मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करून घेतलेत, तर उत्तम.

तेथून पुढे जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवणी होते. बालरोगतज्ज्ञ, श्रवण व वाचा तज्ज्ञ, भौतिकोपचार तज्ज्ञ, मानसतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक एका ठिकाणी मिळावेत, हा या केंद्रांचा हेतू. जन्मतः बहिऱ्या असलेल्या पाच वर्षांच्या आतील मुलांना कानातील शस्त्रक्रियेसाठी, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, केंद्र शासनाच्या ‘एडिप’ योजनेतून साहाय्य मिळू शकते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून असलेली अली यावर जंग संस्था हे काम पाहते. वयाची ही अट लक्षात घेतली, म्हणजे माझ्याकडून गेलेल्या सव्वादोन वर्षांचे मोल तुमच्या ध्यानी येईल.

शिक्षणाच्या बाबतीत पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात चौकशी करावी. समावेशित शिक्षणासाठी नेमलेले विशेष शिक्षक तेथे भेटतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यांत आहेत. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ‘निरामय’ ही वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजनाही आहे.

प्रमाणपत्राला अनेक घरे भितात. ‘एकदा शिक्का बसला की जन्माचा बसला’ असे म्हणतात. प्रमाणपत्र मुलाची किंमत ठरवत नाही. त्याला मिळणाऱ्या मदतीचे दार तेवढे उघडते.

घरी तुम्ही काय करू शकता?

तज्ज्ञाकडे मूल आठवड्यातून एखादा तास असते; उरलेला वेळ तुमच्याजवळ. म्हणून घरचे शिक्षण हाच उपचाराचा मोठा भाग. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत.

काम करता करता बोला : ‘ही तवा, ही पळी, ही गरम भाकर.’ एका वेळी एकच सूचना द्या आणि ती रोज त्याच शब्दांत द्या. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबा. घाईने स्वतःच उत्तर देऊ नका. तूर आणि हरभरा वेगळा करणे, चिंचोके मोजणे, सागरगोटे झेलणे, कणकेचे गोळे करणे यांत बोटे, नजर आणि गणित एकत्र येतात. ऐकायला कमी येणाऱ्या मुलाशी समोर बसून, चेहऱ्यावर उजेड असताना बोला. स्वमग्न मुलाचा दिनक्रम ठरलेला ठेवा आणि बदल होणार असेल तर आधी सांगा. काहीही जमले, की लगेच कौतुक करा. शेजारच्या मुलाशी तुलना मात्र कटाक्षाने टाळा.

मूल शांत राहावे म्हणून मोबाइल देणे आता घरोघरी चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे, की एक वर्षाच्या आत पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक दाखवू नये. मोबाइल मुलाशी बोलतो, पण त्याच्या उत्तराची वाट पाहत नाही. आजी पाहते.

वेखंड उगाळून चाटवणे, पोपटाने उष्टावलेला पेरू खाऊ घालणे, जिभेखालची शीर कापून आणणे असे उपाय अजूनही होतात. शीर मुळीच कापू नका. खरोखर अडचण असेल तर ती डॉक्टर पाहतील. नवसाच्या आड मी येत नाही. रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीला मुलाला अवश्य घेऊन जा, पण कानाची तपासणी यात्रेनंतर करू म्हणून पुढे ढकलू नका.

आणि स्वतःलाही जपा. मोठ्या झालेल्या मुलाला उचलताना कंबर धरते, रक्तदाबाची गोळी राहून जाते. मूल उचलण्याची योग्य पद्धत भौतिकोपचार तज्ज्ञांकडून शिकून घ्या आणि आठवड्यातून एक दिवस तरी ही जबाबदारी दुसऱ्या कोणाकडे द्या.

वडीलधाऱ्यांचा शब्द

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक. मुलात काही उणे आढळले, की घरात पहिले बोट सुनेकडे वळते. ‘आमच्या घराण्यात असे कोणी नव्हते’ हे एक वाक्य त्या आईला वर्षानुवर्षे जाळते आणि ती मुलाला लपवू लागते. मुलाला लपवले, की तपासणी राहते.

याच्या उलट करणेही तुमच्याच हाती आहे. १९४४ साली मुंबईत जय वकील आणि त्यांचे पती होरमसजी यांनी, डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीला योग्य शाळा मिळेना, म्हणून स्वतःच शाळा सुरू केली. ‘जय वकील’ या नावाने ती आज राज्यभर परिचित आहे. आपल्याला शाळा काढायची नाही. मुलाला उघडपणे मांडीवर घेऊन दवाखान्यात बसायचे आहे आणि सुनेला म्हणायचे आहे, ‘बाई, तुझी काही चूक नाही. आपण मिळून पाहू. मी येते तुझ्यासोबत.’ सून किंवा मुलगा दूर कारखान्यावर असतील, तर फोनवर रडू न देता, काय दिसले तेवढेच शांतपणे सांगा आणि तपासणीसाठी त्यांच्या परतण्याची वाट पाहू नका.

तपासणीत काही निघाले नाही, तर तुमचा एक दिवस आणि बसचे भाडे जाईल. निघाले, तर मुलाची वर्षे वाचतील. एखाद्या डॉक्टरने ‘बोलेल हळूहळू’ असे म्हणून परत पाठवले, तर त्याला नम्रपणे पण ठामपणे म्हणा : “साहेब, कानाची तपासणी लिहून द्या.” त्या आजींना मी तेव्हा ती चिठ्ठी लिहून द्यायला हवी होती.